डोंगर उतरतानाची ठेच

ब्रुकलिनमध्ये पस्तीस वर्षं काढली, पण एगबर्ट क्वामिनाचं लोखंडी वाद्य, त्याचा पॅन, तिथल्या हॉटेलांत कुणी धड उघडा पाहिला नव्हता. हॉटेलात वाजवायला गेला की मॅनेजर आधी पॅनकडे बघायचा, मग एगबर्टकडे, आणि मग आतून फुलाफुलांचं कापड मागवायचा. "जरा झाकून घ्या हो, पाहुणे जेवायला बसतायत." मग एगबर्टच्या अंगात फुलाफुलांचा शर्ट आणि पॅनला फुलाफुलांचा परकर. त्याची बायको लिस्ट्रा म्हणायची, "दोघं सारखेच दिसता. फरक एवढाच, पॅनला लाज वाटत नाही."

लिस्ट्राची जीभच तशी. दिवसभर परक्यांच्या म्हाताऱ्या आईबापांना आंघोळ घालायची, भरवायचं, त्यांची बोलणी खायची, हे तिचं काम. घरी आली की ती तोंडानं मोकळी व्हायची आणि एगबर्ट मुकाट ऐकून घ्यायचा. घर कुणाच्या जिवावर चाललंय हे त्याला ठाऊक होतं.

पॅन दिसायला होताही झाकण्यासारखाच. त्रिनिदादमध्ये, पोर्ट ऑफ स्पेनच्या डोंगरावरच्या वस्तीत, चौऱ्याहत्तर साली, डुकी रामसुमेरनं तेलाच्या एका पिंपाचं बूड हातोडीनं ठोकून ठोकून परातीसारखं खोल केलं, त्यात एकेका सुराची जागा उठवली आणि तो पॅन आपल्या दोस्ताच्या, एगबर्टच्या, हवाली केला. आता त्याला गंज चढला होता. एगबर्टनं वरून दोनदा घरातला रंग फासला होता, एकदा निळा, एकदा दाराचा उरलेला तपकिरी. पण रबर गुंडाळलेल्या दोन काड्या त्यावर पडल्या, की समोरचा माणूस घास हातात धरून बसायचा.

आणखी एक गोष्ट होती. त्या काळी डोंगरावर दर गल्लीचा बँड वेगळा आणि दर बँडची पॅनवरची मांडणी वेगळी. या गल्लीत जो सूर काठाशी डावीकडे, तोच पलीकडच्या गल्लीत मधोमध. हा मुद्दाम केलेला कावा होता. मारामारीत पॅन पळवला तरी शत्रूला तो वाजवता येऊ नये! पुढे शहाणे लोक आले, सगळ्यांसाठी एकच मांडणी ठरली, आणि बाकीच्या मांडण्या म्हाताऱ्यांबरोबर एकेक करून मातीत गेल्या. एगबर्टच्या गल्लीची मांडणी आता जगात दोघांनाच येत होती. वाजवायला एगबर्टला आणि ठोकायला डुकीला.

नवी मांडणी शिकायचा प्रयत्न त्यानं केला नाही असं नाही. तीनदा केला. डोक्याला समजायची, हातांना नाही. हात आपले जुन्या जागी जाऊन पडायचे. शेवटी त्यानं कानाला खडा लावला.

सत्त्याऐंशी साली त्यानं एक गाणं केलं. सोका होतं ते, कार्निव्हलच्या ट्रकमागे घामाच्या धारा लागेपर्यंत नाचायचं गाणं. नाव 'डोंगर उतरताना'. त्याची चाल धावत सुटायची आणि तिसऱ्या वळणावर एकदम अडखळायची. कारण साधंच होतं. तिथले दोन सूर एगबर्टच्या पॅनवर एकमेकांपासून लांब होते. उजवा हात डाव्यावरून पलीकडे न्यायचा तर निमिषभर उशीर व्हायचाच. तो उशीर गाण्यातच राहिला. डोंगरावरच्या लोकांनी त्याला 'ठेच' असं नाव दिलं. वस्तीच्या पायऱ्या उतरताना सगळ्यांनाच तिथे कुठेतरी ठेच लागलेली असते.

तो तेव्हा ब्रुकलिनमध्ये होता. त्र्याऐंशी साली एका बँडबरोबर तीन आठवड्यांच्या दौऱ्यावर आला आणि परत गेलाच नाही. कागदपत्रं नव्हती. एकदा बाहेर पडला असता तर पुन्हा आत घेतलं नसतं कुणी. म्हणून गाण्याची कॅसेट तेवढी घरी गेली, आणि त्याचं गाणं तिकडे वाजत असताना तो इकडे मार्चच्या थंडीत, कपडे धुवायच्या दुकानात, भिंतीवरच्या फोनला कान लावून उभा होता. पलीकडे आई होती. गल्लीतल्या टँटी ऑलिव्हच्या किराणा दुकानातला फोन तिनं दोरीसकट ओढून खिडकीबाहेर धरला होता.

"ऐकू येतंय का रे? आला ट्रक, आला! थांब, थांब हां... आली बघ तुझी ठेच! अरे, सगळे अडखळून नाचतायत! तो पाद्रीसुद्धा!"

त्याला ऐकू आली ती निव्वळ खरखर आणि आईचं हसणं. तरी तो म्हणाला, "येतंय गं, सगळं येतंय."

मंगळवारी रात्री कार्निव्हल संपला आणि गाणंही संपलं. सोकाचं आयुष्य तेवढंच असतं, पुढच्या वर्षी नवी गाणी येतात. एक्क्याण्णवला आई गेली. कागदपत्रं आली शहाण्णवला. मग तो चार दिवस जाऊन आला. टँटी ऑलिव्हचं दुकान बंद होतं. खिडकीला फळ्या ठोकलेल्या होत्या. पुन्हा काही गेला नाही.

पुढचं सगळं त्या फुलाफुलांच्या शर्टातच गेलं. हॉटेलं, लग्नं, बोटींवरच्या मेजवान्या, वृद्धाश्रमातला नाताळ. फर्माईश नेहमीची ठरलेली, नारळाची झाडं आणि निळं पाणी. त्याचं स्वतःचं गाणं कुणी मागितलं नाही आणि त्यानंही कधी वाजवलं नाही. एकदा एका लग्नात धीर करून सुरू केलं, तर नवऱ्यामुलाच्या बापानं खांद्यावर हात ठेवला. "काका, ओळखीचं काहीतरी वाजवा ना."

फक्त उन्हाळ्यात तो माणसात यायचा. टायरच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत आमच्या 'न्यू डॉन' बँडची तालीम चालायची, सप्टेंबरातल्या स्पर्धेसाठी. साठ-सत्तर वाजवणारे, सगळे आपल्या त्रिनिदादकडचे. कुणी बस चालवतं, कुणी इस्पितळात रात्रपाळी करतं. एगबर्ट शेवटच्या रांगेत आपला तपकिरी पॅन घेऊन उभा राहायचा. कॅप्टन जॅनेल त्याच्याच हाताखाली शिकलेली. त्याच्या पॅनला ती 'आजोबा' म्हणायची.

अठरा सालच्या जूनमध्ये, एका रविवारी दुपारी, जॅनेलनं सगळ्यांना गोळा केलं.

"यंदाचं गाणं ठरलं," ती म्हणाली. "आपलं गाणं बसवणाऱ्या अरेंजरला एक जुनी कॅसेट सापडली. 'डोंगर उतरताना'."

एगबर्ट काड्यांना रबर गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"अंकल एगी, झोपलात का? तुमचं गाणं म्हणतेय मी!"

"माझं? ते कुणाला माहितीये?"

"आता होईल की! आणि ऐका, सुरुवातीचा तुकडा तुम्ही एकट्यानं वाजवायचा. पुढे उभं राहून. सगळ्यांनी गप्प राहायचं, आणि तुमची ठेच लागली की आम्ही सत्तर जणांनी तुमच्यावर कोसळायचं!"

सगळ्यांनी काड्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "अंकल, यंदा परकर काढा आता!" एगबर्टही हसला. घरी येईस्तोवर हसत होता. लिस्ट्राला सांगितलं तेव्हा मात्र ती काहीबाही बोलेल म्हणून तो खाली बघत राहिला. पण ती उठली, ताटात भात वाढला आणि म्हणाली, "त्या दिवशी मी सुट्टी घेईन."

ती सुट्टी कधी घेत नसे. त्या रात्री एगबर्टला झोप कसली लागते!

खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं. पण माणसाला उतारवयात एखादं सुख मिळालं ना, की ते नटवायची हौस येते. जुलैत पुढच्या रांगेचे नवे पॅन आले. सगळे क्रोमचा मुलामा दिलेले, आरशासारखे लखलखीत. त्यांच्यापुढे एगबर्टचा पॅन ठेवला तर कुणीतरी कचऱ्याचा डबा विसरून गेलंय असं वाटावं. जॅनेल एवढंच म्हणाली, "आपण वाटलं तर बँडचा झेंडा लावू या हं अंकल, खालच्या बाजूनं, शोभेला."

झेंडा म्हणजे पुन्हा कापडच. पस्तीस वर्षं पॅन झाकून वाजवला, आणि ज्या एका दिवशी त्याचं स्वतःचं गाणं, त्या दिवशीही झाकायचा? ते त्याच्या जिव्हारी लागलं.

आता गंमत बघा. आख्ख्या ब्रुकलिनमध्ये पोरांना ओरडून ओरडून सांगणारा हाच माणूस. "आधी क्रोम, मग सूर! आणि जुन्या लोखंडाला क्रोमचं नाव काढायचं नाही!" कारण क्रोमवाले आधी तेजाबात बुचकळतात. त्यानं गंज जातो, पण गंजाबरोबर लोखंडही जातं, आणि सूर तर साफ उतरतात. नवा जाड पत्रा असला तर तो पुन्हा ठोकून सुरात आणता येतो. जुना पत्रा हातोडी सोसेल का, हे देवच जाणे. पॅनवाल्यांत ही बाळबोध गोष्ट आहे. पण त्यानं मनाशी हिशोब मांडला की ऑगस्टात डुकी येतोच आहे. डुकी दरवर्षी त्रिनिदादहून यायचा, महिनाभर इथल्या बँडांचे पॅन सुरात लावायला. त्यानंच घडवलाय, तोच लावील. कुणाला विचारायचं नाही, म्हणजे कुणी नको म्हणणार नाही.

नदीपलीकडे मोटारींचे बंपर चकचकीत करणारा एक कारखाना होता. तिथे त्यानं पॅन नेऊन दिला. दहा दिवसांनी आणला तेव्हा लिस्ट्रासुद्धा बघत राहिली. तिनं त्यात वाकून आपला चेहरा पाहिला, केस सारखे केले.

"अगं बाई! हा तोच का?"

"तोच."

"मग आता वाजव की."

"डुकी आल्यावर," एगबर्ट म्हणाला. त्यानं तो एकदाच वाजवून पाहिला होता, ती घरी नसताना. एकही सूर जागेवर नव्हता.

डुकी आला ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, दोन्ही कानांत यंत्रं, हात मात्र अजून थरथरत नव्हते. टायरच्या दुकानामागे खुर्ची टाकून त्यानं पॅन मांडीवर घेतला आणि बोटानं चाचपत राहिला.

"क्रोमला टाकलास?"

"हो."

"तू? अरे, तू रे एगी?"

"एकदाच पुढे उभं राहायचंय, डुकी. एकदा तरी बरा दिसू दे, म्हटलं."

"मला फोन करायला काय धाड भरली होती?"

"तू नको म्हणाला असतास."

"गाढवा! म्हणालो असतो!" डुकीनं पॅन उन्हाकडे धरला. "चव्वेचाळीस वर्षं झाली रे या पत्र्याला. मीच किती वेळा ठोकलाय. कागद झालाय त्याचा, कागद."

"होईल ना पण?"

डुकीनं हातोडी घेतली. काठाजवळचे मोठे सूर तासाभरात जागेवर आले. एगबर्ट समोर उकिडवा बसून एकेक सूर परतताना ऐकत होता, आणि त्याच्या जिवात जीव येत होता. मग डुकी आतल्या बारीक सुरांवर आला. ठेच जिथे लागायची, त्यातला एक सूर तिथला. त्यानं अगदी हलक्या हातानं तीन ठोके घातले. चौथ्याला फाटल्यासारखा एक आवाज झाला आणि चकचकीत पत्र्यावर बोटभर लांब काळी रेघ उमटली.

जॅनेल पलीकडून धावत आली आणि बघून जागच्या जागी थांबली.

"जोडता येईल?" एगबर्टनं विचारलं. उत्तर त्यालाही माहीत होतं.

"भांडं जोडता येतं," डुकी म्हणाला. "सूर नाही." त्यानं हातोडी पिशवीत घातली. "दमलं रे ते लोखंड. तुझ्याआधी दमलं."

"दुसरा करून दे. त्याच मांडणीचा. आहेत अजून दोन आठवडे."

"पिंपापासून? या हातांनी?" डुकीनं दोन्ही पंजे त्याच्यासमोर धरले. "एगी, मी बारा वर्षांत नवा पॅन ठोकून घडवला नाही. नुसते सूर लावतो, तेही सूर दाखवणाऱ्या यंत्रात बघून. तुला कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं. डुकीला त्यानंतर तिथे राहवेना. मुलीला सांगून त्यानं तिकीट आधीचं करून घेतलं. राहिलेले पॅन दुसऱ्यानं लावले.

जॅनेलनं हार मानली नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. तिनं एगबर्टला एक नवा पॅन दिला. "एवढासा तुकडा आहे अंकल, अर्ध्या मिनिटाचा. बाकी काही वाजवू नका. दोन आठवड्यांत बसेल हातात." एगबर्टनं तो घरी नेला. सकाळी लिस्ट्रा गेली की बसायचा, ती आली तरी बसलेलाच असायचा. तिनं खडूनं सुरांवर आकडे लिहून दिले. एक, दोन, तीन. तिच्या हातचे ते वेडेवाकडे आकडे बघून तो वाजवायचा आणि हळूहळू जमायचंही. पण आकड्यांवरून नजर हलली की हात पुन्हा डोंगरावरच्या गल्लीत जायचे.

शेवटच्या रविवारी सगळ्यांसमोर तालीम झाली. सत्तर माणसं गप्प उभी राहिली. एगबर्टनं डोळे मिटले आणि ते गाणं वाजवलं. त्याच्या डोक्यात ते अगदी बिनचूक वाजलं, हातही बिनचूक गेले, जिथे जायचे तिथे. पॅनमधून मात्र भलतेच सूर बाहेर पडले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्यानं काड्या पॅनवर ठेवल्या. "शार्मेनला दे," तो जॅनेलला म्हणाला.

शार्मेन म्हणजे इस्पितळातली नर्स, तिशीची, सगळ्यांत साफ हात तिचा. आमच्यात कागदावरून शिकवत नाहीत. एकानं गायचं, दुसऱ्यानं उचलायचं. म्हणून एगबर्टला तिच्याशेजारी बसून आपला तुकडा तोंडानं गाऊन द्यावा लागला. तिनं दोनदा ऐकला आणि तिसऱ्यांदा धडाधड वाजवून दाखवला.

"छान," तो म्हणाला. "फक्त तिथे थांब जरा. तिसऱ्या वळणावर."

"कुठे? इथे?"

"हां. तिथे हात पलीकडे जायला वेळ लागतो ना."

शार्मेननं पॅनकडे पाहिलं. "पण अंकल, तो सूर इथेच शेजारी आहे. वेळ कशाला लागेल?"

तिचं काय चुकलं होतं? नव्या मांडणीत ते दोन सूर मांडीला मांडी लावून बसले होते. तरी बिचारीनं प्रयत्न केला. मोजून थांबली. पण मोजून लागलेली ठेच ती कसली? ऐकताना कुणी दारात उभं राहून आत येऊ की नको विचारतंय असं वाटत होतं. अरेंजर म्हणाला, "नको, सरळच जाऊ दे. सफाईदार वाटतं." जॅनेलनं एगबर्टकडे पाहिलं. तो म्हणाला, "सरळच बरं."

स्पर्धेच्या शनिवारी लिस्ट्रानं सुट्टी घेतली होती. ती त्यानं रद्द करायला सांगितली नव्हती आणि तिनंही विषय काढला नव्हता. पिवळा झगा घालून ती पुढच्या बाकावर बसली. ऊन अजून उतरलं नव्हतं. ज्यांना वाजवता येत नाही ते पॅनच्या चाकांच्या गाड्या ढकलत मंचावर आणतात. एगबर्टनंही एक गाडी ढकलली, शार्मेनचीच. ती जागेवर लावून चाकाखाली वीट सरकवली आणि तो मंचाच्या कडेला खाली जाऊन उभा राहिला.

निवेदकानं बँडचं नाव घेतलं, अरेंजरचं नाव घेतलं, गाण्याचं नाव घेतलं. तेवढ्यात एगबर्टच्या खिशात फोन वाजला. डुकी होता.

"सुरू झालं का रे? मला ऐकव ना. माझं मन लागत नाही इथे."

"होतंय आता. थांब," एगबर्ट म्हणाला, आणि त्यानं हात लांब करून फोन मंचाच्या दिशेनं वर धरला.

शार्मेननं तुकडा वाजवला. तिसऱ्या वळणावरून ती अलगद पुढे गेली, आणि सत्तर जणांचा लोट तिच्यामागून आला. लोक उठून नाचायला लागले. खाली उभ्या एगबर्टचा उजवा हात एकदा आपसूक हलला आणि मांडीवर उशिरा पडला. दुसरा हात फोन धरून तसाच वर होता. खांदा भरून आला तरी त्यानं तो खाली घेतला नाही. समोर लिस्ट्रा एकटीच बसून होती. लोक टाळ्या वाजवत होते, ओरडत होते, आणि गाणं संपलं.

त्यानं फोन कानाला लावला.

"ऐकू आलं?"

"आलं, आलं! झकास वाजवतायत लेकाचे," डुकी ओरडून म्हणाला. "कुणाचं रे हे? बरं, मी धरून ठेवतो फोन. तुझं गाणं लागलं की सांग."